सावलीचा हिशेब मांडणारा देवी डॉक्टर

लंडनच्या पश्चिमेला, त्या काळच्या शहरापासून साधारण दहा मैलांवर साउथॉल ग्रीन नावाचे खेडे होते. १७७९ च्या उन्हाळ्यात तिथले एक घर एका डच डॉक्टरने भाड्याने घेतले. वय अठ्ठेचाळीस, मुक्काम एरवी व्हिएन्नाच्या राजदरबारात, आणि हातात वेळ जेमतेम तीन महिन्यांचा. सुटी संपली की सम्राज्ञीच्या सेवेत परतायचे होते. शेजारपाजारच्यांना हा माणूस थोडा चक्रमच वाटला असणार. सकाळी उठून बागेतली पाने तोडायची, पाण्याने भरलेल्या काचेच्या बरण्यांत ती घालायची, बरण्या पालथ्या करून काही उन्हात, काही भिंतीच्या सावलीत ठेवायच्या, आणि दिवसभर बुडबुडे पाहत बसायचे. रात्री पुन्हा तेच, पण अंधारात.

त्या तीन महिन्यांत त्याने पाचशेहून अधिक प्रयोग केले. झाडाला ऊन मिळाले तर काय होते आणि सावली मिळाली तर काय होते, याचा नीट मोजून मांडलेला पहिला हिशेब त्यातून जगाला मिळाला. आज नारळाच्या बागेत गिनी गवत लावणारा शेतकरी किंवा आंब्याखाली वैरण का खुरटते हे शोधणारा संशोधक ज्या पायावर उभा आहे, तो पाया या बरण्यांचा आहे. त्या डॉक्टरचे नाव यान इंगेनहाउस. शाळेच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात ते एका ओळीत येऊन जाते. माणूस मात्र एका ओळीत मावणारा नव्हता.

इंगेनहाउसचा जन्म नेदरलँड्समधल्या ब्रेडा या गावी ८ डिसेंबर १७३० रोजी झाला. आई तो तान्हा असतानाच गेली. वडील व्यापारी, थोरला भाऊ पुढे औषधविक्रेता झाला. घर कॅथलिक पंथाचे होते आणि ही गोष्ट त्या देशात त्या काळी लहान नव्हती, कारण प्रॉटेस्टंट सत्तेखाली कॅथलिकांना बरीच दारे बंद असत. मुलगा हुशार, लॅटिन आणि ग्रीक पक्के. सोळाव्या वर्षी तो सीमेपलीकडच्या कॅथलिक लूव्हेन विद्यापीठात वैद्यक शिकायला गेला आणि १७५३ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडला. नंतर लायडनला जाऊन त्याने विजेवरचे प्रयोगही शिकून घेतले. विजेचे वेड त्याला जन्मभर पुरले.

त्याच्या आयुष्याला वळण देणारा माणूस मात्र लहानपणीच घरी येऊन गेला होता. १७४० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या गादीवरून युरोपात लढाई चालू असताना ब्रिटिश फौजेचा तळ ब्रेडाजवळ पडला होता. त्या फौजेचा डॉक्टर जॉन प्रिंगल याची इंगेनहाउस कुटुंबाशी मैत्री जमली. प्रिंगल पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. १७६४ मध्ये वडील वारल्यावर यानने ब्रेडातला चांगला चाललेला दवाखाना सोडला आणि तो प्रिंगलच्या भरवशावर इंग्लंडला गेला.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये डॉक्टरांसमोरचा सर्वांत मोठा प्रश्न देवीचा होता. नैसर्गिक देवी आलेल्या दर पाच-सहा जणांत एक दगावे. जो वाचे त्याच्या चेहऱ्यावर व्रण राहत, कित्येकांचे डोळे जात. त्यावर एकच उपाय माहीत होता. सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू घ्यायचा, निरोगी माणसाच्या दंडावर बारीक ओरखडा काढून त्यात लावायचा, आणि त्याला मुद्दाम हलक्या देवी आणायच्या. एकदा देवी येऊन गेल्या की पुन्हा येत नसत. बंगालमध्ये टीकादार मंडळी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत होती. त्यांच्या पद्धतीचे वर्णन होलवेल नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने १७६७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांपुढे मांडले होते. उपाय चांगला होता, पण निर्धोक नव्हता. टोचलेल्यांपैकी एखादा दगावेच, आणि टोचलेला माणूस बरा होईपर्यंत इतरांना खरी देवी देऊ शके. धडधाकट मुलाला हाताने रोग द्यायचा आणि तो बरा होईल अशी आशा धरायची, अशी ही गोष्ट होती. डॉक्टरच्या हातावर आणि बापाच्या छातीवर सगळे अवलंबून.

इंगेनहाउसचा हात चांगला होता. हर्टफर्डशायरमधल्या काही खेड्यांत देवीची साथ आली तेव्हा सातशे लोकांना टोचण्याच्या कामात तो होता आणि साथ तिथे थांबली. या कामात त्याचा सहकारी होता टॉमस डिम्सडेल, जो पुढे रशियाच्या कॅथरीन राणीला टोचायला गेला. इंगेनहाउसच्या वाट्याला व्हिएन्ना आली.

व्हिएन्नाचा राजवाडा त्या वेळी देवीने अक्षरशः पोखरला होता. सम्राज्ञी मारिया थेरेसाचा एक मुलगा १७६१ मध्ये देवीने गेला, एक मुलगी १७६२ मध्ये, पहिली सून १७६३ मध्ये. १७६७ साल तर भयंकर ठरले. दुसरी सून गेली, स्वतः सम्राज्ञी मरता मरता वाचली, एका मुलीचा देखणा चेहरा कायमचा विद्रूप झाला, आणि नेपल्सच्या राजाशी लग्न ठरलेली दुसरी मुलगी ऑक्टोबरमध्ये निघायच्या बेतात असतानाच वारली. त्याच साथीला भिऊन मोझार्ट कुटुंब व्हिएन्नातून पळाले, तरी अकरा वर्षांच्या वोल्फगांगला देवी गाठायची ती गाठलीच. दरबारचे डॉक्टर टोचण्याच्या विरोधात होते; आन्तोन द हाएन हा तिथला नामांकित वैद्य तर त्याविरुद्ध पुस्तके लिहीत होता. इतकी मुले गमावल्यावर सम्राज्ञीने वैद्यांचे ऐकणे सोडले आणि इंग्लंडच्या राजाकडे माणूस मागितला. प्रिंगलने इंगेनहाउसचे नाव सुचवले.

१७६८ मध्ये तो व्हिएन्नाला पोहोचला. आधी गरिबाघरच्या मुलांना टोचून पाहण्यात आले, मग राजपुत्रांची पाळी. आजच्या नजरेला हा क्रम खटकतो, आणि खटकायलाच हवा. त्या काळी मात्र तो खबरदारीचा भाग मानला जाई. सप्टेंबरमध्ये चौदा वर्षांचा फर्डिनांड, अकरा वर्षांचा मॅक्सिमिलियन आणि सम्राज्ञीची सहा वर्षांची नात यांना इंगेनहाउसने टोचले. एक जरी मूल दगावले असते तरी त्याची गत काय झाली असती, हे सांगायला नको. तिघेही बरे झाली. सम्राज्ञीने टोचलेल्या पासष्ट मुलांना शोनब्रुनच्या राजवाड्यात जेवायला बोलावले आणि स्वतः वाढले, असे सांगतात. इंगेनहाउस दरबारचा वैद्य झाला, आणि वर्षाला पाच हजार गुल्डनचे तहहयात वेतन त्याला बांधून मिळाले.

हे वेतन विज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. पोटाची चिंता मिटलेला, कुतूहलाने भरलेला आणि फारसे काम नसलेला माणूस काय काय करतो याचा इंगेनहाउस हा उत्तम नमुना आहे. त्याने विजेची यंत्रे बनवली. वेगवेगळ्या धातूंच्या सळ्यांना मेण लावून एक टोक तापवले आणि कोणत्या सळीवरचे मेण आधी वितळते ते पाहून कोणता धातू उष्णता भराभर वाहून नेतो हे दाखवले. हा प्रयोग शाळांमध्ये आजही होतो. बेंजामिन फ्रँकलिनशी त्याची घट्ट मैत्री होती. धुराडी घरात धूर का सोडतात यावरचा फ्रँकलिनचा प्रसिद्ध निबंध म्हणजे मुळात इंगेनहाउसला लिहिलेले पत्र आहे. १७७५ मध्ये त्याने आगाथा मारिया जाकिन हिच्याशी लग्न केले. तिचा भाऊ निकोलाउस जाकिन हा व्हिएन्नाचा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. म्हणजे झाडांचे बोलणे घरात होतेच.

झाडांच्या कोड्याची सुरुवात इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली याने करून ठेवली होती. १७७१ मध्ये त्याला दिसले की बंद भांड्यात मेणबत्ती जळून हवा बिघडली, तरी त्यात पुदिन्याची डहाळी काही दिवस ठेवली की हवा सुधारते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. यासाठी त्याला रॉयल सोसायटीचे पदक मिळाले, आणि १७७३ मध्ये ते देताना प्रिंगलने भाषण केले. ते भाषण वाचून इंगेनहाउसच्या डोक्यात हा विषय बसला. अडचण अशी की प्रीस्टलीचा प्रयोग कधी जमायचा, कधी नाही. स्वीडनच्या शेलला तर झाडे हवा उलट बिघडवताना दिसली. प्रीस्टलीने पुन्हा करून पाहिले तेव्हा त्यालाही दोन्ही प्रकारची उत्तरे आली. एकच झाड कधी हवा सुधारते आणि कधी नासवते, असे कसे?

उत्तर बरणी कुठे ठेवली होती यात होते, आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

इंगेनहाउसने बरण्या उन्हात ठेवल्या तेव्हा पानांवर बुडबुडे जमले. तोच वायू गोळा करून त्यात विझत आलेली काडी धरली तर ती भकन पेटे. म्हणजे तो प्राणवायू. सावलीत बुडबुडे कमी. काळोखात ते थांबत, आणि भांड्यातली हवा हळूहळू नासत जाई. सकाळी सूर्य वर आल्यावर थोड्या वेळाने काम सुरू होई, दिवस कलला की मंदावे, सूर्यास्ताला थांबे. मग त्याने कळीचा प्रश्न विचारला. उन्हात दोन गोष्टी असतात, उजेड आणि ऊब. यांतले काम कोणाचे? नुसती ऊब दिली आणि उजेड दिला नाही, तर पाने काहीच करेनात. म्हणजे काम उजेडाचे. हवा सुधारतात ते झाडाचे फक्त हिरवे भाग, म्हणजे पाने आणि कोवळी देठे. मुळे, फुले आणि फळे दिवसाही हवा नासवतातच. विषारी झाडे आणि औषधी झाडे यांत याबाबत काही फरक नाही, हेही त्याने पाहून ठेवले.

यातला एक निष्कर्ष सावलीविषयी होता आणि तो त्याने ठळकपणे मांडला. उंच घरांच्या सावलीत किंवा दुसऱ्या झाडांच्या दाट छायेत वाढणारी झाडे हवा सुधारण्याचे काम करीत नाहीत, उलट ती नासवतात, असे त्याचे म्हणणे होते. पुस्तक त्याच वर्षी, १७७९ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये छापून निघाले. सुटी संपायच्या आत.

रात्री झाडे हवा नासवतात हा भाग लोकांनी जरा जास्तच मनावर घेतला. खोलीत फुले, कुंड्या ठेवून झोपू नये असा सल्ला त्यानंतर युरोपभर पसरला. रात्री झाडाखाली झोपू नये असे आपल्याकडेही सांगतात आणि त्याला हे कारण जोडतात. हिशेब पाहिला तर ही भीती फुकाची आहे. कुंडीतले झाड रात्रभरात जेवढा कर्बवायू सोडते त्याच्या कित्येक पट शेजारी झोपलेला माणूस सोडतो, आणि त्याला कोणी खोलीबाहेर काढत नाही. खुद्द इंगेनहाउसलाही रात्रीचे नुकसान दिवसाच्या फायद्यापुढे किरकोळ दिसले होते.

खरी गंमत त्याने मांडलेल्या जमाखर्चात आहे. पान दिवसरात्र श्वास घेते, म्हणजे साठवलेली साखर जाळते. उजेड असला की ते साखर बनवतेही. भर उन्हात जमा खर्चाहून कितीतरी जास्त. उजेड कमी करत गेलो की एका टप्प्यावर जमा आणि खर्च सारखे होतात. त्याहून दाट सावलीत झाड साठवणीतले खाऊन जगते आणि शेवटी मरते. प्रत्येक वनस्पतीचा हा टप्पा वेगळा. जंगलाच्या तळाशी वाढणारे झुडूप थोडक्यात भागवते, तर माळावरचे गवत उधळ्या घरासारखे असते. त्याला उत्पन्न भरपूर लागते.

उष्ण प्रदेशातली बहुतेक चाऱ्याची गवते या उधळ्यांपैकी आहेत. गिनी गवत, नेपियर, पॅरा गवत, आपले मारवेल, पवना, आणि ऊस व ज्वारीसुद्धा. यांच्या पानांत एक जादा यंत्रणा असते. हवेतला कर्बवायू आधी चार कार्बनच्या आम्लात पकडायचा, मग तो आतल्या पेशींत नेऊन दाटीने सोडायचा आणि तिथे त्याची साखर करायची. उसातली ही यंत्रणा १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक या दोघांनी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथे उलगडली. हवाईच्या ऊस संशोधकांना तिची चाहूल त्याआधीच लागली होती. हा पंप चालवायला ऊर्जा लागते, आणि ऊर्जा येते उजेडातून. भर उन्हात हा खर्च अंगाला लागत नाही. गव्हासारख्या पिकाचे एकेक पान अर्ध्याअधिक उन्हातच आपली मर्यादा गाठते, ही गवते मात्र माध्यान्हीचे ऊनही कामाला लावतात. म्हणूनच उसाइतके भराभर वाढणारे पीक क्वचित सापडते. सावलीत मात्र पंपाचा खर्च तोच राहतो आणि उत्पन्न घटते. त्यामुळे सावलीचा फटका त्यांना जास्त बसतो.

सावलीतले गवत तरीही लगेच हार मानत नाही. ते आपला संसार बदलते. पाने लांब, रुंद आणि पातळ होतात, म्हणजे तेवढ्याच ऐवजात जास्त पृष्ठभाग मिळतो. हिरवेपणा गडद होतो. धाटे उजेडाच्या दिशेने उंच जातात. फुटवे कमी फुटतात. याचे कारण नुसता कमी उजेड एवढेच नाही. झाडाच्या पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात लाल किरण जवळजवळ शोषले गेलेले असतात आणि त्यांच्या पलीकडचे अतिलाल तेवढे उरतात. गवत हा फरक ओळखते, वर शेजारी आहे हे त्याला कळते आणि ते फुटव्यांऐवजी उंचीवर खर्च करते. सगळ्यांत मोठी काटकसर होते मुळांवर. वर हिरवेगार दिसणारे सावलीतले गवत खाली फार थोड्या मुळ्यांवर उभे असते. गुरांनी ते वारंवार बुडापर्यंत खाल्ले किंवा विळ्याने जमिनीलगत कापले, तर पुन्हा फुटायला साठा राहत नाही. उन्हातल्या कुरणाला जी कापणी सोसते, ती सावलीतल्या कुरणाला मारते. म्हणून तिथे कापणी थोडी उंचावरून आणि दोन कापण्यांत अंतर राखून करावी लागते. जनावराच्या दृष्टीने पाहिले तर सावलीतल्या चाऱ्यात प्रथिने बहुधा थोडी जास्त आणि साखर कमी असते, ओलावाही जास्त. भारा मोठा दिसतो, वाळल्यावर कमी भरतो.

इथे एक उलटी गोष्टही आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये नत्र कमी असलेल्या जुन्या कुरणांवर हलकी सावली केली तेव्हा गवत घटायच्या ऐवजी वाढले. कारण जमिनीत होते. सावलीखालची माती थंड आणि ओलसर राहते, पालापाचोळा लवकर कुजतो, त्यातला नत्र मुळांना मिळतो. उन्हात गवत उजेडात न्हाऊन निघते पण नत्रावाचून उपाशी असते. सावली उजेड काढून घेते आणि नत्र देते. ज्याची टंचाई जास्त, त्यावर निकाल ठरतो. भरपूर खत घातलेल्या कुरणात मात्र हा फायदा दिसत नाही, तिथे सावली म्हणजे निव्वळ तोटा. माळावरच्या एकट्या झाडाखाली कधी गवत हिरवे राहते आणि कधी जमीन उघडी पडते, याचे उत्तरही बऱ्याच अंशी यात सापडते.

कोकणात आणि गोव्यात नारळाच्या बागेत गिनी गवत किंवा संकरित नेपियर घ्यायचे तर हाच हिशेब करावा लागतो. लागवडीच्या पहिल्या काही वर्षांत माडांखाली भरपूर ऊन असते. साधारण आठव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत झावळ्या इतक्या दाट असतात की खाली फारच थोडा उजेड पोचतो. त्यानंतर माड उंच गेले की तिरपे ऊन पुन्हा जमिनीला लागते. गिनी गवत मध्यम सावली बऱ्यापैकी सोसते, नेपियरला तिचा त्रास जास्त होतो. पण दहा-पंधरा वर्षांच्या दाट बागेखाली गिनी गवतही काही भरघोस येत नाही, आणि तिथे बियाण्यावर पैसे घालण्यात फारसा अर्थ नसतो.

इंगेनहाउसला यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याला कर्बवायूची भूमिकाही सुरुवातीला कळली नव्हती. जिनिव्हाच्या झाँ सनबिए याने १७८२ मध्ये दाखवले की पाण्यात कर्बवायू विरघळलेला नसेल तर उन्हातसुद्धा बुडबुडे येत नाहीत. यावरून दोघांत चांगलेच वाजले. प्रीस्टलीशीही वाद झाला. उजेडाचे महत्त्व आधी कोणी ओळखले यावर त्याने इंगेनहाउसला सरळ मनाने श्रेय दिले नाही, आणि त्याची टोचणी इंगेनहाउसला अखेरपर्यंत राहिली. प्रीस्टलीही तेव्हा त्याच वाटेवर होता, हे खरे. पण हिरवे भाग, उजेड, सावली आणि रात्र हे सगळे एका चौकटीत आधी बसवले ते इंगेनहाउसनेच. सनबिएशी भांडण असले तरी कर्बवायूचा मुद्दा त्याने पुढे मान्य केला. १७९६ मध्ये ब्रिटनच्या कृषी मंडळासाठी लिहिलेल्या निबंधात त्याने झाडाचा कार्बन हवेतल्या कर्बवायूतून येतो असे मांडले. झाड माती खाऊन वाढते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ही मोठीच बातमी होती.

तोवर त्याचे आयुष्य विस्कटले होते. १७८८ मध्ये तो व्हिएन्नातून प्रवासाला निघाला. बायको मागे राहिली. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये राज्यक्रांती पेटली. तिथून तो नेदरलँड्समार्गे इंग्लंडला आला. युद्धांमुळे रस्ते बंद झाले, प्रकृती ढासळली, आणि व्हिएन्नाला परतणे झालेच नाही. नवराबायकोची पुन्हा भेट झाली नाही. उतारवयात विल्टशायरमधल्या लॉर्ड लँडस्डाउनच्या बोवुड हाउसमध्ये त्याला आसरा मिळाला. हे तेच घर, जिथे १७७४ मध्ये प्रीस्टलीने प्राणवायू शोधला होता.

तिथेच त्याने आयुष्यातली शेवटची आणि बहुधा सर्वांत मोठी चूक केली. १७९८ मध्ये एडवर्ड जेन्नरने गोस्तन देवीची, म्हणजे गाईच्या देवीची लस जाहीर केली. ती टोचली तर खरी देवी येत नाही आणि टोचलेल्यापासून इतरांना धोकाही नाही, असा त्याचा दावा होता. तीस वर्षे देवी टोचण्यात घालवलेल्या इंगेनहाउसला हे पटेना. त्याने आसपासच्या गावांत चौकशी केली. गाईची देवी येऊन गेली होती तरी नंतर खरी देवी आली, असे एक शेतकऱ्याचे उदाहरण त्याला सापडले. त्याने जेन्नरला तसे कळवले आणि घाई करू नका असे बजावले. इतक्या वजनदार माणसाचा विरोध पाहून जेन्नर धास्तावला होता. बरण्यांबाबत इतका काटेकोर असलेला हा माणूस एका उदाहरणावर अडून बसला, याचे नवल वाटते. कदाचित ज्या कलेवर सगळे आयुष्य उभे राहिले ती जुनी झाली हे मान्य करणे जड गेले असेल.

७ सप्टेंबर १७९९ रोजी बोवुडमध्ये त्याचे निधन झाले. शेजारच्या काल्न गावच्या चर्चमध्ये त्याला पुरले. पत्नी आगाथा दुसऱ्या वर्षी व्हिएन्नात वारली.

त्याच व्हिएन्नात तोवर झाँ द कारो नावाचा डॉक्टर जेन्नरची लस टोचू लागला होता. हिंदुस्थानला समुद्रमार्गे पाठवलेली लस वाटेतच निकामी होत असे. द कारोने ती खुष्कीच्या मार्गाने बगदादला पाठवली; तिथून ती एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी बसऱ्याला आणि जहाजातून मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि व्यवस्थित उठली. तिच्या दंडावरून घेतलेली लस पुढे पुणे, सुरत आणि हैदराबादला गेली.